कावळा बसला आणि फांदी मोडली

चेन्नई शहराच्या दक्षिण अंगाला वेलचेरी नावाचा भाग आहे. एकेकाळी हे तलावाकाठचे एक गाव होते. येथील दंडीश्वराच्या देवळात चोळ राजांच्या काळातील शिलालेख आजही पाहावयास मिळतात. आता त्या गावाचे शहर झाले आहे. उंचावरून धावणारी लोकल २००७ साली येथवर आली. जवळच आय. आय. टी.चा विस्तीर्ण परिसर आहे, आणि पूर्वेस जुन्या महाबलिपुरम रस्त्यावर संगणक कंपन्यांच्या इमारतींची रांग लागली आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले तरुण वेलचेरीत भाड्याच्या घरांतून राहतात. त्यांत मराठी तरुणही आहेत.

अशाच एका मराठी घराची आपण कल्पना करू. घर कल्पित आहे. परंतु त्यात जे घडते, ते निरनिराळ्या रूपांनी पुष्कळ घरांतून घडत आलेले आहे.

साताऱ्याकडचा एक अठ्ठावीस वर्षांचा तरुण. नोकरी संगणक कंपनीत, आठवड्याआड रात्रपाळी. लग्नाला पाच महिने झालेले. १ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नईत न भूतो असा पाऊस कोसळला. शहरालगतच्या तांबरम येथे एका दिवसात जवळजवळ ४९ सेंटिमीटर पाऊस पडला आणि वेलचेरीच्या गल्ल्यांतून पाणी चढू लागले. वीज गेली. ह्या तरुणाने तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याला वर आणले, कोळ्यांच्या होडीत बसून घरोघर दूध आणि पाणी पोचवले. चार रात्री तो निजला नाही. जो तो त्याची वाखाणणी करी.

पाणी ओसरले. तरुण मात्र शांत होईना. रात्री दोन तास झोप झाली तरी त्याला पुरे होई. बोलणे थांबेना, एका विषयातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. सारी चेन्नई कायमची कोरडी ठेवण्याची योजना आपल्याला सुचली आहे असे तो सांगू लागला. कर्ज काढून त्याने चाळीस पंपांसाठी आगाऊ रक्कम देऊन टाकली. कोणी अडवले की संतापे. शेवटी पत्नीने साताऱ्याला फोन केला. "आई, ह्यांच्या डोळ्याला डोळा नाही, आणि थकलेले म्हणून दिसत नाहीत. मला भीती वाटते. तुम्ही या."

आई आणि थोरला भाऊ आले. मग अशा प्रसंगी जे होते तेच झाले. प्रत्येकाने आपापल्या परीने कारण शोधले. शेजारी म्हणाले, पुराचा धक्का बसला. भाऊ म्हणाला, ह्या रात्रपाळीने त्याचा घात केला. आई म्हणाली काहीच नाही, पण सुनेकडे ज्या नजरेने तिने पाहिले, तिचा अर्थ सुनेला कळला. लग्न होऊन पाचच महिने झाले होते.

डॉक्टरांनी मात्र निराळाच प्रश्न विचारला. "ह्यापूर्वी कधी असे झाले होते? किंवा ह्याच्या उलट?" भावाला आठवले की कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तो दीड महिना अंथरुणातून उठत नव्हता. घरच्यांनी त्याला आळशी म्हणून बोल लावले होते. "घरात आणखी कोणाला?" आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ह्याचे धाकटे काका. महिना महिना रात्रभर भजने म्हणायचे, माणसे गोळा करायचे. एकदा शेताचा तुकडा विकून टाकला. मग कित्येक दिवस कोणाशी शब्द बोलायचे नाहीत. आमच्या घरात त्यांचे नाव काढीत नाहीत, डॉक्टर."

कारण निराळे, निमित्त निराळे

आपल्याकडे एक म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. फांदी मोडली तेव्हा तीवर कावळा बसलेला होता हे खरे. परंतु फांदी आतून कशी होती, हे पाहिल्याखेरीज सारा दोष कावळ्याला देणे न्यायाचे नाही.

वेलचेरीच्या पुराचेच उदाहरण घ्या. पाऊस तर त्या दिवशी साऱ्या चेन्नईवर पडला. मग वेलचेरीत पाणी इतके का साचले? कारण ही भूमी सखल आहे. तिच्या दक्षिणेस पळ्ळिकरणैची दलदल आहे. दक्षिण चेन्नईचे पावसाचे पाणी पूर्वापार तिच्यात येऊन विसावत असे. गेल्या काही दशकांत त्या दलदलीचा बराच भाग बुजला आणि वेलचेरीचा तलावही आक्रसला. उरलेल्या दलदलीला २०२२ साली रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे पाऊस हे निमित्त, आणि भूमीची ठेवण हे कारण. दोन्ही मिळाल्यावाचून पूर येत नाही. मोठ्या निमित्तापुढे चांगली भूमीही हतबल होते, आणि सखल भूमीला लहानसे निमित्तही पुरते.

ह्या तरुणाला झालेल्या आजाराला द्विध्रुवीय विकार, इंग्रजी नावाने बायपोलर डिसऑर्डर, असे म्हणतात. त्याची कारणे कोणती आणि निमित्ते कोणती, हे वेगळे ओळखता येणे प्रत्येक कुटुंबाच्या दृष्टीने मोलाचे आहे. निमित्तालाच कारण समजले की घरात आरोपी शोधला जातो आणि उपचार राहून जातो. उलट, सगळे रक्तातच आहे असे म्हणून हात टेकले, तर जे आपल्या हाती आहे तेही निसटते.

दोन टोकांचा आजार

ह्या विकारात मनाची अवस्था दोन टोकांकडे जाते. एक टोक उन्मादाचे. त्यात माणसाचा उत्साह अनावर होतो, झोपेची गरज कमी वाटते, विचार धावू लागतात, खर्च आणि धाडस यांना धरबंध राहत नाही. कधी तो आनंदी असतो, तर कधी नुसता चिडखोर. ही अवस्था सहसा आठवडाभर किंवा त्याहून अधिक टिकते आणि पुष्कळदा रुग्णालयात ठेवण्याची वेळ येते. दुसरे टोक अवसादाचे. त्यात कशातच रस उरत नाही, शरीर जड होते, भूक आणि झोप बिघडते, जगणे नकोसे वाटते. काही रुग्णांत उन्माद सौम्य असतो, इतका की घरच्यांना तो आजार वाटतच नाही. 'सध्या त्याचे छान चालले आहे,' असेच सारे म्हणतात. ह्या दोन टोकांच्या मधल्या काळात माणूस अगदी पूर्ववत असू शकतो, आणि म्हणूनच हा आजार ओळखण्यास वर्षे लागतात.

दोन्ही टोके एकाच आजाराची आहेत हे वैद्यकाला उमगण्यासही काळ लागला. १८५४ साली पॅरिसमधील फालरे आणि बायार्झे या दोन वैद्यांनी जवळजवळ एकाच वेळी ह्या फिरून फिरून येणाऱ्या अवस्थांचे एक रोग म्हणून वर्णन केले. १८९९ साली जर्मनीतील एमिल क्रेपेलिन यांनी त्याला उन्माद-अवसाद असे नाव दिले. 'द्विध्रुवीय' हा शब्द विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. १९८० साली अमेरिकेतील मनोविकारांच्या वर्गीकरणात तो आला आणि जगभर रूढ झाला.

आपल्या देशात बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. त्यांत तामिळनाडूही होते. प्रौढांपैकी दर हजारी सुमारे तिघांना त्या वेळी हा विकार होता, आणि अशा दहांपैकी सुमारे सात जणांना उपचार मिळत नव्हते, असे त्या पाहणीत दिसून आले. आजार बहुधा विशीच्या आसपास, म्हणजे शिक्षण, नोकरी आणि लग्न यांच्या ऐन वयात प्रथम प्रकट होतो. त्यामुळेच परीक्षा, पहिली नोकरी, प्रेमभंग किंवा नवी सून यांपैकी काही ना काही 'कारण' घरच्यांना हाताशी सापडतेच.

मुळाशी काय असते?

पहिले आणि सर्वांत बळकट कारण आनुवंशिकता हे होय. ज्यांच्या आईवडिलांपैकी किंवा सख्ख्या भावंडांपैकी एकाला हा विकार आहे, त्यांच्यात तो शंभरांत पाच ते दहा जणांना होतो, म्हणजे इतरांच्या मानाने कितीतरी अधिक. एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एकाला तो असेल तर दुसऱ्यालाही होण्याचा संभव निरनिराळ्या अभ्यासांत शंभरांत चाळीस ते सत्तर इतका आढळला आहे. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावयास हवेत. एकसारख्या जुळ्यांची जनुके सारखीच असतात. आजार सर्वस्वी जनुकांचा असता, तर दोघांनाही तो शंभर टक्के व्हावयास हवा होता. तसे होत नाही. आणि रुग्णाच्या दहा मुलांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक मुलांना हा आजार होत नाही, हेही ह्याच आकड्यांत लिहिलेले आहे.

एखादे दुष्ट जनुक शोधून काढावे आणि सारा उलगडा व्हावा, अशी आशा १९८०च्या दशकात पुष्कळांना होती. ती फळली नाही. २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात १ लाख ५८ हजार रुग्णांच्या जनुकसंचाची तुलना निरोगी लोकांशी करण्यात आली. तेव्हा ह्या विकाराशी संबंध असलेली जनुकसंचातील २९८ स्थाने सापडली. त्यांतील प्रत्येकाचा वाटा अगदी अल्प. थेंबे थेंबे तळे साचावे तसे हे अनेक अल्प वाटे काही माणसांत एकत्र येतात. त्यांतील काही स्थाने पुष्कळ निरोगी माणसांतही असतात. तेव्हा 'वाईट रक्त' असे काही नसते. हा वारसा थोडाफार साऱ्यांपाशीच आहे. कोणाकडे अधिक, कोणाकडे उणा.

मेंदूत नेमके काय बिघडते, ह्याचे पूर्ण चित्र अजून उमटावयाचे आहे. परंतु काही रेषा स्पष्ट होऊ लागल्या आहेत. २०१५ साली अमेरिकेतील सॉल्क संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या त्वचेतील पेशींपासून प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशी तयार केल्या. त्या नेहमीपेक्षा अधिक उत्तेजित असल्याचे दिसले. ज्या रुग्णांना लिथियम हे औषध लागू पडत होते, त्यांच्या पेशींची उत्तेजना लिथियमने निवळली. दुसरी रेषा शरीराच्या घड्याळाची. मेंदूच्या तळाशी एक अगदी लहान केंद्र आहे. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून ते दिवस-रात्रीचे मान ठेवते आणि झोप, ताप, भूक यांचे चक्र चालविते. द्विध्रुवीय विकार असलेल्या माणसांत हे घड्याळ सहज ढळते, असे अनेक अभ्यास सांगतात.

जन्मानंतरच्या गोष्टींचाही वाटा आहे. बालपणी मारहाण, अत्याचार किंवा आबाळ सोसलेल्यांत हा विकार अधिक आढळतो, लवकर सुरू होतो आणि अधिक तीव्र असतो. हेही कारणांतच धरावयास हवे, कारण कोवळ्या वयातले असे आघात मनाची आणि शरीराची ठेवणच बदलतात.

आणखी एक गोष्ट स्पष्ट म्हणावयास हवी. करणी, दृष्ट, ग्रहदशा, पूर्वजांचा कोप किंवा सुनेचा पायगुण यांचा ह्या आजाराशी काहीही संबंध नाही. दुबळी इच्छाशक्ती किंवा आईने केलेले लाड हीही त्याची कारणे नव्हेत.

निमित्ते कोणती?

कारणे बहुतांशी आपल्या हाती नाहीत. निमित्ते मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती असतात.

त्यांत पहिला मान झोपेचा. अमेरिकेतील थॉमस वेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली असा विचार मांडला की, उन्मादाची निमित्ते वरवर पाहता अनेक असली, तरी त्यांपैकी बरीचशी झोप तोडून एकाच दरवाजाने आत शिरतात. घरातील मृत्यू असो वा लग्न, परीक्षा असो वा लांबचा प्रवास, पहिला बळी झोपेचा जातो. ब्रिटनमधील तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या एका पाहणीत, जी २०१७ साली प्रसिद्ध झाली, दर पाचांतील एकाने झोप बुडाल्यामुळे आपल्याला उन्मादाचा झटका आल्याचे सांगितले. आपल्या कल्पित तरुणाच्या बाबतीत पुराची भीती हे निमित्त नव्हतेच कदाचित. पुराने हिरावलेल्या चार रात्री हे निमित्त होते, आणि त्याआधी आठवड्याआड बदलणाऱ्या रात्रपाळीने जमीन भिजवून ठेवलेली होती. शेजाऱ्यांचे आणि भावाचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. ते अर्धे होते.

दुसरे निमित्त ऐकून वाचकांस नवल वाटेल. ते म्हणजे यश. दुःखाने मन खचते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु बढती, मोठी परीक्षा उत्तीर्ण होणे, साखरपुडा, धंद्यातील लाभ अशा ध्येयसिद्धीच्या प्रसंगांनंतर उन्मादाची लक्षणे वाढतात, असे अभ्यासांत दिसून आले आहे. लग्नघर हे तर सर्व निमित्तांचे आगर. जागरणे, प्रवास, पाहुणे, देण्याघेण्याचा ताण, आनंदाचा अतिरेक. त्यात 'मुलीकडच्यांना कळता कामा नये' म्हणून नवरदेवाच्या गोळ्या महिनाभर बंद केलेल्या. 'लग्न झाले की सुधारेल' असे म्हणून आपण ज्याला औषध समजतो, ते पुष्कळदा निमित्त ठरते. आणि बोल लागतो नव्या मुलीला, जिला काही सांगितलेलेच नसते.

तिसरे निमित्त बाळंतपण. ज्या स्त्रीला हा विकार आहे, तिला प्रसूतीनंतरच्या काही आठवड्यांत तीव्र झटका येण्याचा धोका फार मोठा असतो. सुमारे पाचांपैकी एकीला तो येतो. शरीरातील अंतःस्रावांचा झपाट्याने होणारा बदल आणि तुटलेल्या रात्री ह्या दोन्ही गोष्टी येथे एकत्र येतात. अशा बाळंतिणीला 'बाहेरची बाधा' झाली असे समजून मांत्रिकाकडे नेण्यात जे दिवस जातात, ते तिच्या आणि बाळाच्या जिवावर बेतू शकतात. गर्भ राहण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून औषधांची योजना ठरविणे आवश्यक असते, कारण काही औषधे, विशेषतः व्हॅल्प्रोएट, गर्भाला अपायकारक आहेत.

चौथे निमित्त पदार्थांचे आणि औषधांचे. गांजा आणि मद्य झटके वाढवितात. दमा किंवा सांधेदुखीसाठी दिलेली स्टेरॉइडे काहींत उन्माद जागवितात. अवसादावरील गोळ्या एकट्याच दिल्या, तर कधी कधी मन अवसादातून थेट उन्मादात उडी घेते. म्हणून खिन्नतेसाठी डॉक्टरांकडे जाताना, पूर्वी कधी अतिउत्साहाचा काळ येऊन गेला असेल, तर तो न विचारताही सांगावा.

पाचवे निमित्त घरातील वातावरण. रुग्ण बरा होऊन घरी आल्यावर ज्या घरात टोमणे, दोषारोप आणि सततची टेहळणी असते, तेथे आजार पुन्हा उलटण्याचे प्रमाण अधिक असते, असे अनेक देशांतील अभ्यासांनी दाखविले आहे. घर हे आजाराचे कारण नसते. निमित्त मात्र होऊ शकते, आणि आधारही.

पहिल्या रुग्णाची गोष्ट

सहावे आणि सर्वांत नेहमीचे निमित्त म्हणजे औषध सोडून देणे. ह्याची साक्ष ह्या आजारावरील औषधाच्या जन्मकथेतच आहे.

जॉन केड हे ऑस्ट्रेलियाचे मनोविकारतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी येथे ते साडेतीन वर्षे जपान्यांच्या कैदेत होते. युद्धानंतर मेलबर्नजवळील बुंडूरा येथील रुग्णालयात, एका रिकाम्या स्वयंपाकघरात त्यांनी प्रयोग सुरू केले. लिथियम हा मिठाच्या जातीचा एक साधा क्षार. तो टोचल्यावर गिनीपिग नावाचे भित्रे प्राणी शांत होतात, असे त्यांना दिसले. क्षार निर्धोक आहे की नाही हे पाहण्यासाठी तो त्यांनी आधी स्वतः घेतला. १९४८ साली, पाच वर्षे अखंड उन्मादात असलेल्या एका ५१ वर्षांच्या रुग्णाला त्यांनी तो दिला. काही आठवड्यांत तो माणूस निवळला. काही महिन्यांत घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला. १९४९ साली केड यांनी दहा रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स शौ यांनी १९५४ सालापासून काटेकोर चाचण्या करून लिथियमचा गुण सिद्ध केला. त्यांच्या भावालाच वारंवार अवसाद येत असे.

परंतु त्या पहिल्या रुग्णाचे पुढे काय झाले? बरे वाटू लागल्यावर त्याने औषध सोडले. सहा महिन्यांच्या आतच तो पुन्हा रुग्णालयात आला. १९५० साली त्याचा मृत्यू झाला, आणि तोही लिथियमच्या विषबाधेने, कारण रक्तातील प्रमाण मोजण्याची सोय तेव्हा झालेली नव्हती. आज ती सोय साध्या रक्ततपासणीने होते.

ह्या एका माणसाच्या कथेत दोन्ही धडे आहेत. बरे वाटते म्हणून औषध सोडू नये, आणि तपासणीवाचून ते घेऊ नये. शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले, की लिथियमचे रक्तातील प्रमाण चढते. म्हणून चेन्नईचा किंवा विदर्भाचा उन्हाळा, जुलाब, निर्जळी उपवास आणि दुकानातून परस्पर आणलेल्या काही वेदनाशामक गोळ्या, ह्या सर्वांविषयी रुग्णाने सावध असावे.

घरच्यांनी काय करावे?

प्रत्येक रुग्णाची पूर्वचिन्हे ठरलेली असतात. एकाचे बोलणे भरभर होते, दुसरा पहाटे तीनला उठून कपाटे आवरू लागतो, तिसरी दूरच्या नातेवाइकांना फोन करीत सुटते. रुग्ण बरा असताना त्याच्याशी बसून ती चिन्हे लिहून ठेवावीत. ती दिसताच काय करावयाचे, कोणत्या डॉक्टरांना कळवावयाचे, पैशाचे व्यवहार कोणी पाहावयाचे, हेही त्याच्या संमतीने ठरवावे. लागोपाठ दोन रात्री झोप मोडली, तर तिसऱ्या रात्रीची वाट पाहू नये.

उठणे, जेवण, काम आणि झोपणे यांच्या वेळा शक्य तो रोज सारख्या ठेवाव्यात. पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांनी ह्याच तत्त्वावर एक उपचारपद्धती उभी केली आहे, आणि औषधांच्या जोडीला तिचा उपयोग होतो. रात्रपाळी टाळता येत असेल तर टाळावी. नोकरीच्या ठिकाणी त्यासाठी डॉक्टरांचे पत्र द्यावे. जगणे नकोसे झाल्याचे रुग्ण बोलला, तर ते कधीही थट्टेवारी नेऊ नये. त्याला एकटे न ठेवता लगेच मदत मिळवावी.

मदत कोठे मिळेल? चेन्नईत ह्या कामाची परंपरा जुनी आहे. १७९४ साली मद्रासेत वेड्यांसाठी एक आश्रयगृह निघाले. १८७१ साली ते किलपॉक येथे आले, आणि आज ते मानसिक आरोग्य संस्था म्हणून ओळखले जाते. डॉ. शारदा मेनन यांनी, ज्यांना भारतातील पहिल्या स्त्री मनोविकारतज्ज्ञ म्हणून ओळखतात, ह्या रुग्णालयाची धुरा अनेक वर्षे वाहिली. १९८४ साली त्यांनी 'स्कार्फ' ही संस्था स्थापन केली. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासकीय मनोरुग्णालये आहेत. शिवाय केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, आपल्या भाषेत, विनामूल्य बोलता येते.

पुन्हा वेलचेरीत

आपल्या कल्पित घराकडे शेवटी एकदा वळू. तरुण उपचारांनी सावरला. पंपांचे पैसे बुडाले, कर्ज फेडण्यात दोन वर्षे गेली. रात्रपाळी सुटली. आईने एक दिवस काकांचा फोटो ट्रंकेतून काढून भिंतीवर लावला, आणि सुनेला जवळ बसवून त्यांची सारी हकीकत पहिल्यापासून सांगितली. "हे मी तुला लग्नाआधीच सांगायला हवे होते, पोरी," असे ती म्हणाली.

डिसेंबर २०२३ मध्ये 'मिचाँग' चक्रीवादळाबरोबर वेलचेरीत पुन्हा पाणी शिरले. भूमी सखल होती ती सखलच होती, आणि पाऊसही तसाच होता. परंतु ह्या खेपेस पंधरा दिवसांच्या गोळ्या पत्र्याच्या डब्यात आधीच बंद करून ठेवलेल्या होत्या. दिवसा त्याने शेजाऱ्यांचे सामान वर वाहिले. रात्री दहा वाजता पत्नीने मेणबत्ती विझविली आणि म्हटले, "होडी आली तर मी पाहीन. तुम्ही निजा." बाहेर लोकांची धावपळ चालू होती. तरुण थोडा कुरकुरला, आणि मग निजला.